ऊब तपासताना

आज सकाळी खोबरेल तेलाची बाटली तळहातावर उलटी धरली आणि काहीच आलं नाही. बाटली हलवली, दाबली, बुडाला दोन चापट्या मारल्या. आत तेल पांढरंशुभ्र होऊन शांत बसलेलं. हवामानाच्या बातम्यांवर माझा विश्वास नाही, त्या सांगणाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर तर मुळीच नाही, पण खोबरेल तेल कुणाच्या सांगण्यावरून गोठत नाही. म्हणजे थंडी आली.

आमच्या बाजूला, खडकवासल्याच्या रस्त्याला, ती शहराच्या चार दिवस आधी येते आणि आठ दिवस उशिरा जाते. धरणाच्या पाण्यावरून धुकं उठतं आणि वाट चुकल्यासारखं रस्त्यावर येऊन उभं राहतं. त्यातून संरक्षण प्रबोधिनीतली पोरं अर्ध्या चड्डीत पळत जातात, आणि त्यांच्याकडे बघून स्वेटर घातलेल्या माणसालाच हुडहुडी भरते. रस्ता झाडणाऱ्या बायका कोपऱ्यात पाला पेटवतात, त्याचा कडवट वास कपड्यांत शिरतो. मंडईत पावटा येतो, ओला हरभरा येतो, गाजरं लाल होतात. हे सगळं मला लहानपणापासून आवडत आलं आहे. पण गेल्या हिवाळ्यानंतर असं झालंय की थंडी आल्याचं कळलं की मला आधी लाज वाटते आणि अंगावर काटा मग येतो.

लाजेचं कारण सांगायचं तर आधी माझा धंदा सांगायला हवा. अडतीस वर्षं मी खडकीच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. दारूगोळ्याचे सुटे भाग तयार होऊन माझ्या टेबलावर यायचे आणि मी ते नापास करायचो. पासही करायचो, पण सरकार पगार देतं तो नापास करण्याचा, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आमच्या हातात माप तपासायचं गेज असायचं. त्याची एक बाजू नगात शिरली पाहिजे, दुसरी शिरता कामा नये. अडतीस वर्षं जगाकडे असं बघितल्यावर निवृत्तीच्या दिवशी गेज परत करता येतं, नजर परत करता येत नाही. मंडईत मी खिशात छोटा ताणकाटा घेऊन जायचो. भाजीवाल्या मावशी मला लांबून बघून ‘आले तपासनीस’ म्हणायच्या आणि चांगली वांगी टोपलीखाली सरकवायच्या. दूधवाल्याने माझ्यामुळे गल्ली बदलली. गुरुजींनी सत्यनारायणाचा दुसरा अध्याय गाळला, हे मी त्यांना सर्वांदेखत आणि पान क्रमांकासह सांगितलं आहे.

लग्नाआधी वासंतीला बघायला गेलो होतो तेव्हाही मी विचारलं, “पोहे तुम्हीच केलेत का?”

“नाही, वहिनीने केले,” ती म्हणाली. “मी फक्त आणले.”

घरी येताना मी वडिलांना होकार सांगून टाकला. नग पास होता.

वासंती मूळची गुहागरची. तिकडे थंडी पडली म्हणजे पंखा एकाने कमी करतात. मुलींच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. खडूने फळ्यावर एका ओढीत मोर काढणारे हात तिचे. ते हात साठीनंतर थंडीत आखडायला लागले. संधिवात. सकाळी उठली की बोटं मिटायची नाहीत, मिटली तर उघडायची नाहीत. डॉक्टर म्हणाले, औषधं आहेतच, पण मुख्य म्हणजे ऊब ठेवा. आमचं घर उत्तराभिमुख, खाली शहाबादी फरशी, मागे धरणाचा वारा. उबेची सोय इथे बिल्डरने केलेली नव्हती, तिच्या माहेरी निसर्गाने केलेली होती. पहिल्या वर्षी ती थंडीपुरती धाकट्या बहिणीकडे, कुंदाकडे, गुहागरला गेली आणि दीड महिना राहिली. दुसऱ्या वर्षी तीन महिने. परत आली ती छान ऊन खाऊन, बोटं मोकळी, आणि बोलताना ‘आमच्याकडे’ म्हणायची ते गुहागरला उद्देशून. दोन बिंदू मिळाले की तपासनिसाला रेघ ओढता येते. ती रेघ कुठे चाललीय हे मला दिसत होतं. मी एकटा माणूस वरणभाताचा कुकर लावतोय, आणि ते वरण कसं झालं हे सांगायला समोर कुणी नाही.

तर आमच्या गच्चीवर जे यंत्र आलं, ते त्या रेघेतून आलं.

आमची मुलगी मुक्ता बाणेरला असते, घरं थंड-गरम ठेवायच्या यंत्रणा आखणं हेच तिचं काम. ती एका रविवारी आली आणि जेवणाच्या टेबलावर कागद पसरून म्हणाली, “आईला गुहागरला पाठवण्यापेक्षा गुहागर इथे आणू.” गच्चीवर सोलर पॅनेल बसवायची. त्या विजेवर हीट पंप चालवायचा. तो दिवसभर पाणी तापवून मोठ्या टाकीत भरून ठेवणार, आणि संध्याकाळपासून ते गरम पाणी झोपायच्या खोलीतल्या पंख्याच्या पेटीतून फिरणार, की खोलीत कोमट वारा. उन्हाळ्यात हेच उलटं, गार पाणी, गार वारा.

“पाणी तापवायला आत हीटरची सळी असेल,” मी म्हणालो.

“सळी नाही बाबा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढतो.”

“बाहेरच्या हवेत थंडी आहे म्हणून तर तो बसवायचा. त्याच हवेत उष्णता आहे म्हणतेस?”

मुक्ताने स्वयंपाकघराकडे बोट केलं. “फ्रिजच्या मागे हात लावून बघा. गरम लागतो ना? आतल्या भाजीतली उष्णता तो काढतो आणि मागे टाकतो. भाजी तर गारच असते. हेही तसंच. बाहेरच्या हवेतली उष्णता काढायची आणि घरात टाकायची.”

“म्हणजे आपण फ्रिजच्या मागच्या बाजूला राहायचं.”

“अगदी बरोबर,” ती म्हणाली. मला टोमणा मारायचा होता, तो बरोबर निघाला, यासारखं दुःख नाही.

वासंती इतका वेळ गाजरं किसत होती. किसणी थांबवून ती म्हणाली, “बसवा. संक्रांतीपर्यंत बघते मी. हात बरे राहिले तर इथेच. नाहीतर कुंदाकडे, आणि मग दर वर्षी हा विषय काढायचा नाही.”

यंत्र आलं त्या दिवशी शेजारचे ज्ञानोबातात्या कुंपणाच्या भिंतीला टेकून सगळं बघत होते. आमची ही वसाहत जिथे उभी आहे तिथे त्यांची ज्वारी असायची. आता ज्वारी नाही, पण एक म्हैस आणि भिंतीला टेकायचा हक्क त्यांनी राखून ठेवलाय. पंप गच्चीच्या कोपऱ्यात बसला, त्याचं पंख्याचं तोंड नेमकं त्यांच्या गोठ्याकडे झालं. मी त्यांना फ्रिजचा दृष्टान्त सांगितला, जणू मलाच सुचलाय असा.

तात्यांनी पंख्याकडे बघितलं, गोठ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “म्हंजे साहेब, हवेतली ऊब तुमी वडून घेनार, आन् उरल्याली थंडी आमच्या म्हशीवर सोडनार.”

“तसं नाही तात्या, थोडीशीच.”

“थोडीच हाय, पर ऊब आमच्या बाजूची हाय.”

पुढचा महिनाभर म्हशीने जरा दूध कमी दिलं की ते भिंतीशी येऊन आमच्या गच्चीकडे बघत उभे राहायचे. मला त्यांचा राग येत नसे. असा संशय घेणारा माणूस मला भावासारखा वाटतो.

मीही काही कमी नव्हतो. चार थर्मामीटर आणले. एक झोपायच्या खोलीत, एक बाहेरच्या खोलीत, एक अंगणात तुळशीमागे आणि एक पहिल्या तिघांवर लक्ष ठेवायला. सकाळी गच्चीवर जायचो तेव्हा पंप गार हवा टाकत घुमत असायचा, म्हैस त्याच्याकडे पाठ करून उभी असायची, आणि पॅनेल नुसती उन्हात पडलेली. काहीही न हलता, आवाज न करता पडून राहणारं यंत्र काम करतंय यावर माझा विश्वास बसेना. आमच्या कारखान्यात काम करणारी वस्तू खडखडायची, थरथरायची, निदान तेल गळायची. मी पॅनेलवर कान ठेवून बघितला आहे. कबूतरांनी तो प्रकार पाहिला, बाकी कुणी नाही.

पण आठवड्याभरात मला मान्य करावं लागलं. बाहेर दहा असताना खोलीत बावीस. सलग सात दिवस. काही मान्य करावं लागलं की मला झोप लागत नाही, तशी ती लागेना. यंत्र पास झालं होतं आणि माझी नजर रिकामी फिरत होती.

ती फिरता फिरता वासंतीवर आली.

रोज सकाळी मी विचारायचो, “हात कसे आहेत?” आणि ती म्हणायची, “बरे आहेत.” रोज. त्याच सुरात, चहा गाळता गाळता, मागे वळून न बघता. कधी ‘जरा बरे’ नाही, ‘कालच्यापेक्षा बरे’ नाही. आता कारखान्यात एखाद्या तपासनिसाने ओळीने शंभर नग पास केले की आम्ही मालाला शाबासकी द्यायचो नाही, तपासनिसाकडे संशयाने बघायचो. मग एक युक्ती होती. मुद्दाम बिघडवलेला एक नग गुपचूप त्याच्या टेबलावरच्या ढिगात सोडायचा. त्याने तो पकडला तर तो जागा आहे. त्याने तोही पास केला तर त्याच्या आधीच्या शंभर शिक्क्यांना काही किंमत नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्याही आलं होतं, म्हणजे हे काही बरं नव्हे एवढं. पण युक्ती इतकी सुबक होती.

गच्चीवर खोलीकडे जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळीवर पितळी चावी आहे. ती फिरवली की खोलीतली पेटी घुमत राहते, पंखा फिरतो, आवाज तोच, फक्त वाऱ्यात ऊब नसते. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागला की मी पॅनेलवरची धूळ बघायला म्हणून वर जायचो, आणि मनात येईल त्या दिवशी चावी बंद करून यायचो. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, क्रम लागू नये म्हणून वार बदलून. सकाळी उजाडल्यावर पहिल्यांदा ती उघडायची. दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, चालू की बंद, खोलीचं तापमान आणि तिचं उत्तर. बंदच्या रात्री लाल शाईने.

पहिल्या लाल रात्रीनंतर खोलीत चौदा होते. मी विचारलं, “हात कसे आहेत?”

“बरे आहेत.”

मी बाथरूममध्ये जाऊन वहीत लिहिलं. दुसरी लाल रात्र, बरे आहेत. तिसरी, चौथी, बरे आहेत. म्हणजे तिचं ‘बरे’ खोटं होतं. मग ती खोटं का बोलते? तपासनिसाचं डोकं इथे थांबत नाही. तिने गुहागरला जायचं आधीच ठरवलंय, मी ठरवलं. मला नि मुक्ताला वाईट वाटू नये म्हणून संक्रांतीपर्यंत दिवस काढतेय. एकदा असं ठरवलं की पुरावे आपणहून चालत येतात. ती कुंदाशी फोनवर बोलायची आणि मी आलो की विषय बदलायची. माळ्यावरची निळी बॅग कुणीतरी पुसली होती. चहा ती हल्ली कपातून पीत नसे, वाटीतून प्यायची, दोन्ही तळव्यांत वाटी धरून. मी वहीत शेरा लिहिला, ‘कोकणातल्या सवयी परतत आहेत.’ ते अक्षर अजून वाचता येतं.

त्या दिवसांतली उन्हं मात्र काय होती. थंडीतलं पुण्याचं दुपारचं ऊन पाठीवर घेतलं की माणूस कुणालाही माफ करेल. गच्चीवर पॅनेलांच्या सावलीची कड जिथे संपते तिथे वासंती सतरंजी टाकून बसायची, हात पुढे करून, तळवे वर, कुणीतरी त्यात काही घालणार असल्यासारखे. मी शेजारी हरभरे सोलत बसायचो. पंपाची घुमघुम, म्हशीची घंटा, लांब सिंहगडाची निळी रेघ. आम्ही दोघं फारसं बोलत नसू. आज आठवलं की वाटतं, आयुष्यातल्या चांगल्या दुपारींपैकी त्या होत्या. आणि त्यातल्या प्रत्येक दुपारी मी मनात मोजत होतो, आज चावी बंद करायची की उद्या.

भोगीच्या आदल्या दिवशी मी तुळशीमागचं थर्मामीटर बघत वाकलो होतो. भिंतीपलीकडून तात्यांच्या मंडळींचा, काशीवहिनींचा आवाज आला. “भाऊजी, एक इच्यारू का? तुमचं मशीन मदीमदी बंद पडतं व्हय?”

“नाही बुवा. का?”

“न्हाई, वैनी काय बोलत न्हाईत. पर चांगलं चालू आसलं की सकाळच्या पारी त्यांची येनी त्याच घालत्यात. आन् कवाकवा मागच्या दारानं माज्याकडं येत्यात. बोटं वळत न्हाईत बिचारीची. मग मी घालती येनी. बलाऊजची बटनं बी मीच लावती.” त्या पलीकडे शेण उचलता उचलता बोलत होत्या. “मंगळवारी आल्त्या, शुक्रवारी आल्त्या. आन् आज बी. आज तर डोळ्याला पानी हुतं. म्हनल्या, ह्यांना बोलू नगा.”

मी आत गेलो आणि वही उघडली. सोमवारची रात्र लाल. गुरुवारची रात्र लाल. काल रात्र लाल.

चाचणी किती पक्की होती ते बघा. माझ्या नकळत दुसरा तपासनीस नेमला गेला होता, त्याला चावीची कल्पना नव्हती, वहीची नव्हती, आणि त्याचे आकडे माझ्याशी तंतोतंत जुळत होते. यंत्र उत्तम होतं. उबेने तिचे हात खरंच चालत होते. जगातल्या कुठल्याही कारखान्यात हा निकाल भिंतीवर लावला असता. मी वही छातीशी धरून पलंगाच्या कडेवर बसून राहिलो आणि बाहेर कुणीतरी तीळ भाजत होतं.

सांगायचं की नाही, यावर मी दुपारपर्यंत विचार केला. खोटं कशाला लिहू, न सांगण्याची बाजू बरीच भक्कम होती. चावी उघडी ठेवायची, वही बंबात घालायची, संक्रांत दोन दिवसांवर आलेली, ती राहिली असती. सांगितलं तर जाणार हे उघड होतं. तरीही मी वही घेऊन गच्चीवर गेलो. त्याचं श्रेय माझ्या चांगुलपणाला देऊ नका. अहवाल दाबून ठेवायची मला सवयच नव्हती.

ती सतरंजीवर बसली होती. मी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि उभाच राहिलो. तिने चष्मा लावला. पान उलटताना तिने बोटं वापरली नाहीत, मनगटाने कागद ढकलला. इतक्या दिवसांत मी खोलीचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत टिपलं होतं आणि ती पान कसं उलटते हे बघितलं नव्हतं.

“लाल म्हणजे?”

“त्या रात्री मी चावी बंद केली होती.”

“मुद्दाम.”

“हो. तू ‘बरे आहेत’ म्हणतेस ते खरं की…”

“कळलं.” तिने आणखी दोन पानं ढकलली. “अक्षर छान आलंय तुमचं. रकाने सरळ आहेत.”

मी सतरंजीची दुमडलेली कड पायाने सरळ केली.

“मला कळायचं,” ती म्हणाली. “ज्या रात्री तुम्ही कानटोपी घालून झोपायचात, त्या रात्री खोली गार असायची. मला वाटायचं, मशीन मधून मधून दमतं, आणि तुम्हाला ते आधी कळतं, आणि तुम्ही लपवताय. मी जाऊ नये म्हणून.” तिने चष्मा काढला. “मला बरं वाटायचं. म्हटलं, इतकी वर्षं हा माणूस जगाच्या चुका दाखवत फिरला, आणि माझ्यासाठी एका मशीनची चूक झाकतोय. मग मीही म्हणायची, बरे आहेत. कुंदालाही सांगून टाकलं की या वर्षी येत नाही.”

पंप घुमत होता. खाली म्हशीने शेपटी हलवली असावी, घंटा वाजली.

“आणि तुम्ही तपासत होतात,” ती म्हणाली.

भोगीच्या दिवशी मिसळीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी तिने केली. भाकरी थापली काशीवहिनींनी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ता गाडी घेऊन आली आणि वासंती गुहागरला गेली. मुक्ता माझ्याशी दारात एवढंच बोलली. “बाबा, तुम्ही आईवर प्रयोग केलात?” मी हो म्हणालो. तिने बॅग उचलली.

त्या घरात मग दोन महिने उत्तम तापमान होतं. बावीस. पॅनेल दिवसभर ऊन खायची, पंप पाणी तापवायचा, संध्याकाळी कोमट वारा सुरू व्हायचा आणि रिकाम्या खोलीत फिरत राहायचा. मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. एकदा खोलीची चावी बंद करून मुद्दाम तिच्या जागेवर, तिच्या पांघरुणात झोपलो, तिला कसं वाटत असेल ते समजायला. सकाळी माझी बोटं जरा गार पडली होती, एवढंच. मी दोन मिनिटांत शर्टाची बटणं लावली. तेव्हा कळलं की हीसुद्धा तपासणीच होती, आणि नग चुकीचा निवडला होता.

खडकीला थंडीतल्या सकाळच्या पाळीला लोकलमधून उतरायचो, ते दिवस तेव्हा फार आठवायचे. फलाटावर माणसं कमी आणि मफलर जास्त दिसायचे. कारखान्यात शिरलो की पहिला तास कुणालाही मोजमाप घ्यायची परवानगी नसे. आधी नग तपासणीच्या खोलीत आणून ठेवायचे, खोली ठराविक उबेवर यायची, नग त्या उबेला यायचे, गेजही यायचं, आणि मगच हात लावायचा. कारण थंडीत धातू आकसतो आणि चांगला नग उगाच नापास होतो. अडतीस वर्षं पोलादाच्या बाबतीत मी हा नियम पाळला. नव्या माणसांना शिकवला. एकाने गार नग मोजला म्हणून त्याला सगळ्यांसमोर बोललो होतो.

गुहागरला मी रोज फोन करायचो. “कशी आहेस?” “बरी आहे.” रोज एवढंच. एक दिवस मी तिला म्हणालो, “तात्या विचारत होते तुला.” ती म्हणाली, “म्हैस काय म्हणतेय?” मी म्हणालो, दूध वाढलंय. ती हसली असं मला वाटलं. लाईनवर खरखर होती, खात्री देता येणार नाही.

होळीच्या आधी ती परत आली, न सांगता, एस.टी.ने. दारात चपला काढून तिने बॅग आत ठेवली आणि विचारलं, “पॅनेल पुसलीत का?” त्यावर ‘हो’ म्हणून मी चहा टाकला. वहीबद्दल ती कधीच बोलली नाही. मी वही जाळली नाही, लपवलीही नाही. ती कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली आहे आणि ती तिथे आहे हे आम्हा दोघांना ठाऊक आहे.

उन्हाळ्यात यंत्र उलटं फिरलं. बाहेर चाळीस असताना त्या खोलीत वासंतीने कैऱ्या चिरल्या, चित्रं काढली, बहिणीला बोलावून घेतलं. गार पाण्याच्या दिवसांत पंप तात्यांच्या बाजूला गरम हवा फेकतो. तात्या भिंतीशी आले. “साहेब, हिवाळ्यात थंडी देता, उन्हाळ्यात गरमी देता. एकदा तरी उलटं करा की.” मी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावून पंपाचं तोंड रस्त्याकडे करून घेतलं. तात्यांना याचा धक्का बसला असावा. ते दोन दिवस भिंतीकडे फिरकले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, “आता काय काढलंय मनात?”

मग पावसाळा, ढग, पॅनेल रुसलेली. मग नवरात्र, दिवाळी. दिवाळीपासून मी माळ्याकडे बघतोय. निळी बॅग तिथेच आहे. पुसलेली नाही, पण ती न पुसण्याचाही काही अर्थ असू शकतो. कुंदाचे फोन येतात. मी खोलीत गेलो तरी विषय बदलत नाही, आणि त्याचीच मला धास्ती वाटते. सुधारलो असं मी म्हणणार नाही. थर्मामीटर मात्र आता एकच आहे आणि ते तिच्या बाजूला आहे. गच्चीवर मी सकाळी जातो, दुपारी जातो, दिवेलागणीनंतर जात नाही. तसं कुणी सांगितलेलं नाही.

तर आज तेल गोठलं. बाटली ठेवून मी बाहेर आलो. वासंती पलंगावर बसली होती, खिडकीतून ऊन यायला अजून अर्धा तास होता. पेटी घुमत होती, वारा कोमट होता, ते मला न मोजता कळत होतं. हात मांडीवर ठेवून ती बोटांकडे बघत होती. हा प्रश्न मी जवळजवळ वर्षभर विचारला नव्हता. तो कसा विचारायचा याचा सराव मी आंघोळ करताना केला होता, तीन निरनिराळ्या सुरांत. तोंडून जो निघाला तो चौथाच.

“हात कसे आहेत?”

तिने वर बघितलं. मी पेटीकडे बघितलं नाही, थर्मामीटरकडे नाही, पण कुठे बघावं तेही सुचेना.

“दुखतायत,” ती म्हणाली.

“अगं पण खोली तर…”

“खोली चांगली गरम आहे. मशीनचं काही चुकलेलं नाही. तरी दुखतायत आज. असे असायचे एखाद्या दिवशी.”

मी खाली बसलो. गुडघे कटकन वाजले. माळ्यावरची बॅग, एस.टी.च्या वेळा, होळीपर्यंतचे महिने, हे सगळं माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण लपवणं मला कधी जमलेलं नाही.

“मग गुहागरची गाडी बघू का?” मी विचारलं.

“दुखतायत म्हणाले मी,” वासंती म्हणाली. “जाते म्हणाले नाही.”